बंद ठिपक्याची सुलूअक्का

सुलूअक्काने माझी फॅट पहिल्याच भेटीत काढली. साडेतीन.

मी तेव्हा आमच्या नेमबाजी क्लबच्या दारात प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन उभा होतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं आणि वर्षातून एकदा क्लबची प्रमाणपत्रं. सभासद मीही आहे, पण माझ्या छर्ऱ्यांना निशाणापेक्षा भिंत जास्त आवडते, म्हणून मला गुण मोजायला बसवतात. अक्काने मला टाचेपासून टाळूपर्यंत पाहिलं, डावा डोळा मिटला आणि आख्ख्या मार्केट यार्डाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "साडेतीन. गाईचं. पाणी न्हाई घातलेलं, पण साय बी धरायची न्हाई."

तेव्हापासून मी 'ए छापखाना' झालो. माझं नाव तिने कधी विचारलं नाही.

अक्का मूळची नेसरीची. एका दूध संघात तिने अठ्ठावीस वर्षं दूध तपासलं. नमुना काचेच्या नळीत घालायचा, यंत्रात गरागरा फिरवायचा, मग नळी डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून, पिवळी रेघ कुठल्या आकड्याला थांबली ते वाचायचं. रोज शे-दीडशे नळ्या. सुरुवातीला नळी नाकाशी असायची. चाळिशी आली तशी ती लांब लांब जाऊ लागली आणि निवृत्तीच्या वेळी अक्काचा उजवा हात खांद्यातून सरळ, गजासारखा ताठ बाहेर निघालेला असायचा. निवृत्ती झाली, नळी गेली, हात तसाच राहिला. भाजीवालीकडचा टोमॅटोसुद्धा ती असाच हात लांब करून, एक डोळा मिटून बघायची. भाजीवाली बिचारी टोमॅटोच्या मागे उभी राहून घाबरायची.

माणसांनाही हेच माप. क्लबचे सेक्रेटरी कदमसाहेब भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेले, नियमाचे पक्के, बोलणं सगळं सरकारी कागदातलं. त्यांना तिने पाच दिली होती, "पण तापवलं की नासतंय" असा शेरा मारून. दाताचे डॉक्टर शिरगुप्पे हे क्लबातले सर्वांत महागड्या सामानाचे धनी. नवीन पिस्तूल, नवीन बूट, नवीन चष्मा, जुने गुण. त्यांच्याबद्दल अक्का म्हणायची, "पावडरचं दूध. डबा तेवढा भारी."

ती क्लबात आली तीच मुळी या डॉक्टरांशी भांडायला. आमचा क्लब म्हणजे मार्केट यार्डाजवळचं गुळाचं जुनं गोडाऊन. गूळ जाऊन वर्षं लोटली, पण भिंतींनी वास सोडला नाही आणि मुंग्यांनी भिंती सोडल्या नाहीत. निशाणाच्या कागदावर काळा ठिपका दिसला की आधी तो भोक आहे की मुंगी हे मला ठरवावं लागतं. फुंकर मारायची, चालला तर गुण नाही. अक्काचं घर शेजारी. डॉक्टरांनी तिच्या फाटकासमोर स्कूटर आडवी लावली होती. अक्का आत घुसली तेव्हा सहाही जागांवर नेमबाज श्वास रोखून उभे होते.

"स्कूटर कुणाची हाय?"

सहा छर्रे सहा दिशांना गेले.

"हे शांतता क्षेत्र आहे," कदमसाहेब उठले. "अनधिकृत इसमांना प्रवेश नाही."

"इसम कुणाला म्हणालास रे? मी काय बेवारस सापडलो व्हय?" आमच्याकडच्या बायका 'आलो, गेलो, सापडलो' असंच बोलतात, त्यात अक्काचा आवाज असा, की पाठमोऱ्या माणसाला एखादा हवालदार आलाय असं वाटावं. मग तिचं लक्ष डॉक्टरांच्या हाताकडे गेलं. "आणि हे काय धरलायसा?"

डॉक्टर सामान दाखवायची संधी सोडत नाहीत. त्यांनी सांगितलं: हे एअर पिस्तूल. एका हाताने धरायचं. नळीच्या टोकाला ही उभी काडी, मागे ही खाच. काडी खाचेत मधोमध आणि दोन्हींची डोकी एका रेघेत. नजर काडीवर, निशाण मागे पुसट दिसलं तरी चालेल.

"म्हंजे रेघच बघायची की," अक्का म्हणाली.

तिने पिस्तूल घेतलं. हात गजासारखा निघाला. डावा डोळा मिटला. नऊ. नऊ. दहा. चौथा ठिपका मुंगी निघाला, नाहीतर मी तोही दिला असता.

स्कूटरचा विषय राहूनच गेला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला अक्का दोन नंबरच्या जागेवर हजर. नऊवारी नाही, गाऊन नाही. संघाचा जुना पांढरा कोट, खिशात भडंगाची पुडी आणि पायात अशी करकरणारी कोल्हापुरी चप्पल, की बाकीचे तिचं पाऊल पडून होईपर्यंत नेम धरत नसत. वर्षभरात ती उघड्या साईटच्या गटात, म्हणजे या काडी-खाचेच्या पिस्तुलांच्या गटात, सगळ्यांच्या पुढे गेली. दहा वर्षं दोन नंबर म्हणजे अक्का आणि अक्का म्हणजे दोन नंबर.

आता अक्काला भेटलेल्या माशीकडे येतो.

त्या दहाव्या वर्षी भाद्रपदात अक्का पुतणीच्या लग्नाची पत्रिका तपासायला माझ्या छापखान्यात आली. मी कच्चा कागद हातात दिला. तिने हात लांब केला. आणखी लांब केला. मग कागद माझ्याकडे परत देऊन म्हणाली, "जा, तिकडं कटिंग मशीनजवळ जाऊन धर."

मी गेलो.

"आणखी मागं."

मी रस्त्यावर उभा राहून पत्रिका धरली. येणारेजाणारे वाचू लागले. एकाने तर मुहूर्त लिहून घेतला. मी आत आलो आणि हळूच विचारलं, "अक्का, मग पिस्तुलावरची काडी?"

तिने खिशातून भडंगाची पुडी काढली आणि न उघडताच परत ठेवली.

"गेली काडी," ती म्हणाली. "सहा म्हयनं झालं. दोन-दोन काड्या दिसायल्यात. मी मधल्या मधी मारतो."

"चष्मा?"

"तीन झालं. एकात काडी दिसती तर निशाण धुकाटतंय. दुसऱ्यात निशाण दिसतंय, काडी गायब. तिसऱ्यात दोन्ही दिसतंय, पण जमीन वर येती. कदमला सांगू नगंस. दिवाळीनंतर मॅच हाय."

मॅच म्हणजे काय ते मला माहीत होतं. क्लबात जागा सहा आणि रांगेत माणसं चाळीस. नियम असा, की वार्षिक स्पर्धेत चारशेपैकी तीनशेवीस गुण पडले नाहीत तर सकाळची जागा जाते, मग दुपारी जे मोकळं असेल ते. आणि दुपारी पत्र्याखाली त्या गोडाऊनमध्ये गुळाच्या जुन्या डागांनाही पाक सुटतो. त्या आठवड्यात अक्काला सरावात दोनशे नव्वद पडले होते.

"दोन नंबर गेला तर सकाळी सातला मी जाऊ कुठं?" ती म्हणाली. "घरात भिंती हायत चार. पण त्यास्नी फॅट न्हाई."

डॉट गटाची कल्पना मीच काढली. त्या वर्षी क्लबाने हा गट नवीनच सुरू केला होता. पिस्तुलावर काडी-खाचेऐवजी एक छोटी काचेची खिडकी बसवतात. तिच्यात बॅटरीवर एक लाल ठिपका पेटतो. ठिपका निशाणावर आला की दाबायचं. काडी नाही, खाच नाही, म्हाताऱ्या डोळ्यांना सोयीचं. आणि नियमाप्रमाणे तीनशेवीस कुठल्याही गटात चालतात. अर्थात डॉक्टर शिरगुप्प्यांकडे असलं पिस्तूल होतं. दोन होती.

अक्काने ते पहिल्यांदा धरलं, खिडकीतून पाहिलं आणि ओरडली, "अगं आई! ह्यात माशी हाय!"

"तो डॉट आहे, अक्का," डॉक्टर म्हणाले.

"डॉट असंल तर एका जागी बसंल की! हे बघ, भिरभिरालंय. तुझं यंत्र थरथरतंय डॉक्टर. परत दे कंपनीला."

डॉक्टर दातांच्या बाबतीत खोटं बोलत असतील, पण इथे खरं बोलले. "यंत्र नाही थरथरत. हात थरथरतो. सगळ्यांचाच. काडीत तो कळत नाही, ठिपक्यात दिसतो."

अठ्ठावीस वर्षांच्या हाताला असं कुणी म्हणालेलं नव्हतं. अक्काचा चेहरा फाटलेल्या दुधासारखा झाला. मग तिने क्लबाच्या इतिहासात झाली नाही अशी तपासणी काढली. रिकामं पिस्तूल निशाणाकडे रोखून ठेवायचं आणि एकेकाने येऊन माशी बघायची. आधी डॉक्टर: माशी निशाणभर. मग मी: माझी माशी निशाण सोडून शेजारच्या जागेत जाऊन आली. शेजारच्या तालमीतला सव्वाशे किलोचा पैलवान हाक मारून आणला. त्याने श्वास कोंडला, मान फुगवली, आणि लाल होऊन म्हणाला, "अक्का, दोन माश्या हायत ह्यात."

अक्का हळूहळू खुलायला लागली. सगळं गाव थरथरत होतं! "घे, तू बी घे," असं म्हणत ती प्रत्येकाला ओढू लागली. शेवटी कदमसाहेब उरले.

"मी पदाधिकारी आहे. मी शस्त्र हाताळत नाही," ते म्हणाले. दहा वर्षांत त्यांनी एकही छर्रा उडवला नव्हता.

"शस्त्र न्हाई, माशी हाताळायची हाय. ये."

कदमसाहेबांनी कोटाचं बटण लावलं आणि पिस्तूल धरलं. आम्ही वाट पाहत राहिलो. त्यांचा डोळा हलेना, हात हलेना. "ठिपका हलणे अपेक्षित आहे काय?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी खांद्यावरून डोकावलं, अक्काने डोकावलं. माशी खिळा ठोकल्यासारखी काळ्याच्या मधोमध बसली होती. आयुष्यभर नकाशावर हद्दीच्या रेघा ओढलेला हात तो.

"खुळ्या," अक्का कळवळून म्हणाली, "आणि तू जनमभर नियम वाचत बसलास?"

कदमसाहेब लाजले. पण नंतर दोन दिवस ते उगाचच हात लांब करून पेन धरताना दिसत होते.

एवढं होऊन अक्काचे डॉट गटातले पहिले गुण एकशे सत्त्याऐंशी. चारशेपैकी. तिची खोड अशी, की जन्मभर नजर रेघेवर ठेवलेली. आता ती माशीवर ठेवायची. माशी डावीकडे गेली की हिची नजर डावीकडे, मग हात डावीकडे, मग सगळी अक्का डावीकडे. तीन नंबरवाल्याने जागा बदलून मागितली. अक्काने उपायही केले. सकाळी पांढरा रस्सा पिऊन पाहिला. कोपराला वाळूची पिशवी बांधून पाहिली. एके दिवशी ती माशीला चक्क शिव्या देताना सापडली, पुढच्या दिवशी गोंजारताना, "बस गं बाई, बस की, कुणी मारत न्हाई तुला." दोनशे दहा. दोनशे चाळीस. मग पुन्हा दोनशे दहा. दिवाळी आली. स्पर्धा आठवड्यावर होती.

पाडव्याला आमच्याकडे म्हशींचा दिवस असतो. गवळी आपापल्या म्हशी धुऊन, तेल लावून, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि कपाळावर मोरपिसं बांधून रस्त्यावर आणतात. आणि मग पळवतात. मालक मोटारसायकलवर, सायलेन्सर काढून टाकलेला, आणि आठ-आठशे किलोची म्हैस त्याच्यामागे दोरीबिरी काही नसताना चौखूर धावत. आख्खी पेठ बघायला उभी असते. अक्का तर माहेरच्या लग्नाला आल्यासारखी उभी होती आणि जाणाऱ्या प्रत्येक म्हशीला आकडा देत होती, "सात. साडेसहा. ही आठ! आठ रं छापखाना, पाया पड!"

एवढ्यात एक गवळी फाडफाड आवाज करत गेला. मागे त्याची म्हैस इतकी चिकटून, की तिचा श्वास त्याच्या सदऱ्यावर. मालक सरळ पुढे बघत होता. अक्काने त्या म्हशीला आकडाच दिला नाही. तो वळसा घालून परत आला तशी ती रस्त्याच्या मधोमध जाऊन हात गजासारखा काढून उभी राहिली. मोटारसायकल थांबली, म्हैस थांबली, मिरवणूक थांबली.

"पावणं, मागं कसं बघत न्हाईसा तुम्ही?"

"मागं कशाला बघू?"

"म्हस येतीया का न्हाई ते?"

गवळी हसला. "मागं बघिटलं की थांबती ती, मावशी. आपण पुढं बघायचं. जिकडं आपण, तिकडं ती. सोडा की वाट."

अक्काने वाट सोडली. धूर गेला, म्हैस गेली, अक्का तिथेच उभी. मग तिने माझा दंड असा पकडला, की दोन दिवस निळा होता.

"छापखाना, ती माशी न्हवं. ती म्हस हाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिने पिस्तूल धरलं आणि निशाणाच्या काळ्या गोलाकडे पाहिलं. नुसतं त्याच्याकडे. ठिपका भिरभिरला असेल, नाचला असेल. तिने लक्षच दिलं नाही. "ये मागनं," ती पुटपुटली आणि दाबलं. नऊ. डॉक्टर म्हणाले, "अहो अक्का, हेच तर पुस्तकात लिहिलंय. नजर निशाणावर ठेवा, ठिपका आपोआप येतो." अक्का म्हणाली, "मग वाचून दाखवायला काय दातखीळ बसलीती?" त्या दिवशी दोनशे शहाण्णव. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तीनशे बारा. आठ कमी.

स्पर्धेच्या दिवशी गोडाऊनमध्ये उभं राहायला जागा नव्हती. रांगेतल्या चाळीसजणांपैकी निम्मे अक्काच्या जागेवर डोळा ठेवून आले होते, तोंडाने मात्र 'अक्का, जाळ काढा' म्हणत होते. चाळीस छर्रे. मी दुर्बिणीला डोळा लावून गुण लिहीत होतो. आठ, नऊ, आठ, सात, नऊ. अक्का एकदाही बोलली नाही. ही गोष्ट स्पर्धेपेक्षा मोठी होती. चौतीस झाले तेव्हा दोनशे अठ्ठ्याहत्तर. आता सहा छर्ऱ्यांत बेचाळीस हवे होते. म्हणजे सरासरी सात. मी बेरीज पुन्हा करून पाहिली.

पस्तिसावा घेताना अक्का नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. हात खाली येईल असं वाटलं. आला नाही. सात. मग आठ. सात. सहा. कुणीतरी मागे 'च्च' केलं. आठ. शेवटचा छर्रा. कागद आला तेव्हा काळ्यावर दोन नवे ठिपके होते. मी फुंकर मारली. एक चालायला लागला. दुसरा सात.

तीनशे एकवीस!

गोडाऊन हादरलं. पैलवानाने अक्काला उचलायचा प्रयत्न केला आणि शिव्या खाल्ल्या. त्या गोंधळात डॉक्टर शिरगुप्प्यांनी पिस्तूल हातात घेतलं, खिडकीतून पाहिलं, पुसून पाहिलं, आणि एखाद्या रुग्णाचा चुकीचा दात काढल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"ठिपका बंद आहे," ते म्हणाले. "बॅटरी... मी बॅटरी बदलायला विसरलो."

कदमसाहेब उठले. "कितव्या छर्ऱ्यापासून?"

"मला काय ठावं?" अक्का म्हणाली. "मी मागं बघिटलंच न्हाई."

पुढचा पाऊण तास मी विसरणार नाही. कदमसाहेबांचं म्हणणं, डॉट गटात डॉट असणं अभिप्रेत आहे. डॉट नव्हता, म्हणून हे गुण त्या गटात धरता येणार नाहीत. उघड्या साईटच्या गटातही नाहीत, कारण काडी नव्हती. रांगेतले लोक माना डोलावू लागले. अक्का खुर्चीवर बसली होती, पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घालून, आणि पहिल्यांदाच मला ती म्हातारी दिसली.

"नियम वाचा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता.

कदमसाहेबांनी वाचला. "पिस्तुलावर डॉट बसवलेला असावा."

"बसवलेला हाय का?"

"आहे."

"पेटलेला असावा असं लिवलंय?"

कदमसाहेबांनी पान उलटलं. परत उलटलं. चष्मा काढला, लावला. नियमाचा माणूस नियमातच अडकला की त्याच्याकडे बघवत नाही. शेवटी त्यांनी माझ्याकडची गुणपत्रिका ओढली. दोन रकाने होते: उघडी साईट, डॉट. त्यांनी पट्टी घेतली आणि आयुष्यभर हद्दी आखलेल्या त्या न थरथरणाऱ्या हाताने शेजारी तिसरी रेघ ओढली. वर लिहिलं, 'बंद डॉट'. खाली लिहिलं, तीनशे एकवीस. "कुठल्याही गटात तीनशेवीस, असे नमूद आहे. हा गट आहे. जागा क्रमांक दोन कायम."

"सहा," अक्का लगेच म्हणाली. "कदम, आजपासनं तुला सहा. म्हशीचं."

कदमसाहेबांनी नाक शिंकरलं. प्रमाणपत्र मी छापलं: 'बंद डॉट गट, प्रथम क्रमांक'. एकच प्रत. त्या एका प्रतीसाठी मी यंत्र चालू केलं. आणि कोल्हापूरचं कोल्हापूरपण बघा, पुढच्या वर्षी त्या गटात पाच प्रवेशिका आल्या. डॉक्टरांनी बॅटरी काढून, नवीन बूट घालून नेम धरला. त्यांना चौऱ्याण्णव पडले.

स्पर्धेच्या संध्याकाळी अक्का मला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर घेऊन गेली. तिथे म्हैस समोरच पिळतात आणि फेसाचा पेला हातात देतात. मी धीर करून विचारलं, "अक्का, खरं सांगा. पस्तिसाव्याला थांबला होतात तुम्ही. ठिपका विझलेला तुम्हाला दिसला होता ना? हात वर करायचा, बॅटरी बदलून मिळाली असती."

तिने पेला हात लांब करून धरला. डावा डोळा मिटला. फेसाखालची रेघ शोधत असावी.

"पाणी घातलेलं दूध वळखायचं काम माझं," ती म्हणाली. "तू छपाई कर."

नंतर तीन वर्षं दोन नंबर तिचाच होता. मग निशाणाचा काळा गोलही धूसर व्हायला लागला. एके सकाळी तिने स्वतःच कदमसाहेबांकडे जाऊन सांगितलं, "दे कुणाला तरी," आणि भडंगाची पुडी टेबलावर ठेवली. नेसरीला धाकट्या भावाकडे राहायला जायचं ठरलं. भाऊ मोटारसायकल घेऊन न्यायला आला. सामान आधीच टेम्पोने गेलं होतं.

निरोपाचं काही तिने होऊ दिलं नाही. क्लबाच्या दारात सगळ्यांना शेवटचे आकडे दिले, माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "पावणेचार." मग भावाच्या मागे बसली. गाडी सुटली आणि मला खिडकीच्या कट्ट्यावर तिच्या चष्म्याचं घर दिसलं. जमीन वर येणारा तिसरा चष्मा.

मी ते उचलून धावलो. "अक्का! चष्मा! अक्का, थांबा!"

तिने ऐकलं, हे मला नक्की माहीत आहे. माझा आवाज तेव्हा तिच्याइतका झाला होता. पण ती वळली नाही. फक्त उजवा हात भावाच्या खांद्यावरून समोर, गजासारखा सरळ काढला आणि तसाच धरून ठेवला, थेट रस्त्याच्या टोकावर. मार्केट यार्डाच्या वळणापर्यंत तो हात जराही हलला नाही.

आणि मी, वय वर्षं बावन्न, पोट सुटलेला, चष्म्याचं घर उंच धरून भर रस्त्यात त्या गाडीमागे चौखूर धावत होतो. चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "पळव, अक्का, पळव!"

गळ्यात कवड्यांची माळ तेवढी नव्हती.